जिनपाल मिस्त्रीच्या दोन नळ्या

आधीच सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. जोतिबाची शपथ घेते. माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ घेते. त्यातल्या डाव्या डोळ्याचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालंय, तो नवाकोरा आहे, त्याची शपथ दुप्पट धरा. घरातली सगळी म्हणतात, आजी एकाचे चार करून सांगते. सांगते मी, नाही कुठं म्हणते. पण हे तसलं नाही.

"वैनी, हात द्या इकडं," जिनपाल मिस्त्री म्हणाला.

मी हात पदरात घेतला. भर डेअरीत परक्या माणसानं हात द्या म्हणायचं म्हणजे काय. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता. त्याचं सगळं ध्यान भिंतीवरनं गेलेल्या दोन तांब्याच्या नळ्यांवर होतं.

"ह्या बारक्या नळीवर ठेवा. कशी लागती?"

"गरम."

"आता ह्या जाडीवर."

जाड नळी गारेगार होती. तिला घाम सुटला होता.

"झालं तर मग," मिस्त्री म्हणाला. "बारकीतनं गॅस टाकीकडं निघालाय, दूध गार करायला. पण निघतानाच तापलेला. जाडीतनं काम उरकून परत यायलाय, आणि त्याच्या अंगात अजून गारवा शिल्लक हाय. तो गारवा इथं ह्या शेडात येऊन पत्र्याखाली मरतोय. दुधाला न्हाई, कुणालाच न्हाई."

"मग काय करायचं म्हणता?"

"दोघींना एकमेकींना बांधून टाकायचं. चिकटून, पार ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत. परत येणारी जाणारीला वाटेतच निववती. मशीनवर ताण कमी. आत्ता दूध गार होईतोवर बाराची इचलकरंजी गाडी निघून जाती. उद्या साडेदहाची गाडी जायच्या आत दूध गार होऊन मशीन आपोआप बंद पडतंय का न्हाई बघा."

हे चिंचमळ्याच्या दूध डेअरीतलं बोलणं, चाळीस वर्षांपूर्वीचं. वारणेकाठी चाळीस घरांची वस्ती, चाळीस घरांच्या म्हशी, आणि मधोमध डेअरी. एका खोलीत सहाशे लिटरची दुधाची टाकी, मागं पत्र्याच्या शेडात ती गार करणारं मशीन. टाकी घासायची, दूध ओतायचं, मशीनचं बटण दाबायचं, हे काम माझं. बाळगोंडा अण्णा चेअरमन. मशीनचं काही बिघडलं की इचलकरंजीहून जिनपाल मगदूम यायचा. उंच, किडकिडीत, तिशीतला गडी. मशीनशी बोलत काम करायचा. माझ्याशी पण बोलायचा. पण तीनच्या वर माणसं जमली, किंवा एखादा पांढऱ्या कपड्यातला माणूस समोर आला, की त्याची जीभ टाळूला चिकटायची. 

उन्हाळा तर विचारू नका. आमच्या कोंबडीनं परड्यात अंडं घातलं, मी ते फोडलं तर आत उकडलेलं. वारणेतले मासे सावलीसाठी म्हशींच्या पोटाखाली येऊन थांबायचे. शपथ घेतलीय मी, विसरू नका.

"गरम आणि गार एकत्र ठेवायचं?" मी मिस्त्रीला म्हटलं. "सकाळचं धारेचं दूध रात्रीच्या गार दुधात ओतलं तर दोन्ही नासतंय. आमच्यात पोरीला लग्नाआधी शिकवतात हे. तुमच्या आईनं नाही शिकवलं?"

तो हसला. "ओतायचं न्हाई हो वैनी. नळीला नळी नुसती टेकवायची. हिच्यातलं हिच्यात, तिच्यातलं तिच्यात. मिसळत काय न्हाई. नुसती ऊब इकडची तिकडं."

"बघा बाबा."

"बघा न्हाई, बघतोच. रविवारी दूध संघाचे साहेब येणार हायत. अण्णा म्हणालेत, जमलं तर तालुक्यातल्या बाराच्या बारा डेऱ्यांची मशिनं मला देतील, ह्या नळ्या बांधायला. मग आपण टेबलफॅन दुरुस्त करत हिंडणार न्हाई. गाळा बघून ठेवलाय स्टँडजवळ. पाटीवर काय लिहायचं ते पण ठरलंय."

"काय?"

लाजला तो. खरंच लाजला. पक्कडीनं तार पिळता पिळता म्हणाला, "जिनपाल थंडावा केंद्र."

मी तोंडाला पदर लावला. "केंद्र कशाला? दवाखाना लिहा."

"दवाखाना असतो आजाऱ्याचा. हे बरं असलेलं मशीन आणखी बरं करायचं काम हाय."

त्यानं दोन्ही नळ्या एकमेकींना चिकटवून तांब्याच्या तारेनं वीतवीतभर अंतरावर आवळल्या. वरनं काळ्या स्पंजाची पट्टी गुंडाळली. नळ्या झाळून, म्हणजे जाळावर कायमच्या जोडून टाकायला लागतो तो त्याच्याजवळचा गॅस संपला होता. रविवारी येताना आणतो म्हणाला. मग शेवटाला टाकीजवळचा एक कॉक अर्धा आटा आणखी उघडला.

"आता टाकीत जरा जास्त गॅस सोडला तरी चालतंय. एक फायदा तुमाला सांगितला. आणि दुसरं म्हंजे..."

तेवढ्यात बाळगोंडा अण्णा आत आले. त्यांच्या मागनं भागीरथीमावशी, रिकामी किटली घेऊन. चार माणसं झाली, आणि दुसरं म्हणजे काय ते मिस्त्रीच्या तोंडातच राहिलं.

अण्णा सरळ मशीनपाशी गेले. चेअरमन मशीनची तब्येत एकाच पद्धतीनं बघायचे. मशीनमध्ये शिरते तिथं जाड नळीला हात लावायचा. गार लागली की मशीन बरं. वैदू नाडी बघतो तसं. त्या दिवशी हात लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मिस्त्री, ही कोमट लागती."

"तशीच... तशीच लागणार अण्णा. कारण की... गारवा आधीच..."

"गारवा कुठं गेला?"

"बारक्या नळीला... दिला."

"दिला? कुणाला विचारून?"

भागीरथीमावशी पन्नास वर्षांची, जिभेला हाड नसलेली. ती किटली आपटून म्हणाली, "अण्णा, मागच्या खेपेला माझ्या जावयानं फॅन दुरुस्त केला तेव्हा वारं वरच्या वर जायला लागलं. ह्यो पण त्यातलाच."

सगळे हसले. मिस्त्री पण हसला, म्हणजे त्याचे ओठ हसले.

"रविवारी साहेब येतील आणि हात लावतील, तवा ही नळी गार पाहिजे," अण्णा म्हणाले. "न्हाईतर बारा डेऱ्या सोडा, ही एक पण ऱ्हायची न्हाई. समजलं न्हवं?"

मिस्त्रीला निपाणीकडच्या डेअरीत दोन दिवसांचं काम होतं. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवताना तो मला म्हणाला, "वैनी, तुमच्या भरवशावर सोडून चाललोय. कुणाला हात लावू देऊ नका. तुमी हाय म्हणून काळजी न्हाई."

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. घरात नाही, दारात नाही. 

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी दूध ओतून झालं, बायका गेल्या, मी बटण दाबलं. थोड्या वेळानं शेडात जाऊन जाड नळीला हात लावला. कोमट. परत लावला. कोमटच. टाकीला काटा होता, दूध किती गार झालं ते दाखवायचा. तो मी बघितलाच नाही. काटा काय सांगतो ते कळायला शिकावं लागतं, हात तर जन्मापासनं आपला असतो. मला डोळ्यापुढं एवढंच दिसत होतं की रविवारी साहेब हात लावतोय, अण्णा कपाळाला आठी घालतायत, भागीरथीमावशी किटली आपटतीय, आणि मिस्त्रीची जीभ चिकटलीय.

कुणाला हात लावू देऊ नका म्हणाला होता. मी कुणीतरी थोडीच होते.

पक्कड तो विसरून गेला होता, खिडकीत. मी स्पंजाची पट्टी काढली. तारेचे पीळ सोडवले. नऊ होते. नळ्या एकमेकींपासून ओढून लांब केल्या आणि मधे जुन्या गोधडीचा तुकडा घडी करून खुपसला. ह्या कुशीवर तू, त्या कुशीवर तू. मग स्पंजाची पट्टी वरनं परत गुंडाळून ठेवली, बाहेरनं काही दिसू नये म्हणून.

अर्ध्या तासात जाड नळी गार झाली. मग घामेजली. मग पांढरी झाली. बर्फाचा थर नळीवरनं सरकत सरकत मशीनच्या डोक्यापर्यंत आला. मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. बाहेर ऊन असं की सावली पण सावली शोधत होती, आणि माझ्यासमोर मशीननं पांढरा शेला पांघरला होता. मी त्या बर्फावर बोटानं माझं नाव काढलं. अक्काताई. 'ताई' वितळायच्या आत परत गोठली.

दुपारी अण्णा आले, हात लावला आणि चटकन मागं घेतला. पोळल्यासारखा.

"वा. आता झालं बघ काम. काल उगंच ओरडलो त्याला."

"तुम्हाला मी म्हटलंच होतं, मिस्त्री हुशार आहे," मी म्हटलं.

"हाय, हाय. साहेबास्नी सांगतो."

त्या दिवशी मी घरी गेले ते तरंगत. सासूनं विचारलं, काय झालंय तुला. काही नाही म्हटलं. एका माणसाच्या बारा डेऱ्या माझ्या हातानं राखल्या, हे कुणाला सांगायची गोष्ट नव्हती.

शनिवारी सकाळी टाकी काठोकाठ भरली. शुक्रवारचं संध्याकाळचं दूध होतंच, त्यावर सकाळचं. मशीन चालू असलं की तेवढं खपायचं. रविवारी साहेबांबरोबर टँकर येणार होता, म्हणून कुणी हात राखला नव्हता. मी बटण दाबलं, आणि मशीनच्या आतनं आवाज आला. खट्. मग परत, खट्. आतनं कुणीतरी दार वाजवतंय, उघडा म्हणतंय, असा. मी मशीनवर हात ठेवला. बर्फच बर्फ. इतकं गार मशीन आजारी कसं असेल, असं मला वाटलं, आणि मी कॅन धुवायला गेले.

दहा वाजता मोठ्ठा आवाज झाला. पातेल्यात खडे टाकून हलवल्यासारखा. आणि मग काहीच नाही. नुसता गुंऽऽ असा सूर. शेवटी तो पण थांबला.

बटण दाबलं. सूर. बंद केलं, दाबलं. सूर.

अण्णांना बोलावलं. ते आले, मशीनभोवती फिरले, नाडी बघितली. नाडी बर्फासारखी. "गार तर हाय की," म्हणाले. मग पोस्टात जाऊन निपाणीकडं फोन लावला. त्या डेअरीत फोन नव्हता, जवळच्या किराणा दुकानात होता. दुकानदार म्हणाला, निरोप देतो. आम्ही वाट बघत बसलो.

टाकीचा काटा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. आठ अंश. बारा. मी विहिरीवरनं पाणी आणून टाकीवर ओली पोती टाकली. पंधरा. पोती बदलली. चिंचमळ्यातल्या बाया एकेक करून येऊन दारात बसायला लागल्या. कुणी बोलत नव्हतं. भागीरथीमावशी पण नाही, यावरनं काय ते ओळखा.

"अण्णा, दूध वाटून द्या ज्याचं त्याला," शेवटी तीच म्हणाली. "घरात तापवू, विरजण लावू. काय तरी करू."

"उद्या साहेब येणार टँकर घेऊन. रिकामी टाकी दावू त्यास्नी? मिस्त्री येईल आत्ता. टाकीला कुणी शिवायचं न्हाई."

अठरा. एकवीस. दुपारची निपाणी गाडी आली. मिस्त्री नव्हता. दुकानदारानं निरोप कुणाच्या हाती दिला, कुणाला ठाऊक. दूध समोर होतं, आम्ही चाळीस बायका समोर होतो, आणि बघण्याशिवाय हाताला काम नव्हतं. म्हैस व्यायला अडली की निदान पाठीवरनं हात तरी फिरवता येतो.

बायका पाणी आणायला गेल्या तेव्हा मी शेडात एकटी होते. माझ्या मनात आलं, मी सोडलं म्हणून बंद पडलं असेल तर बांधल्यावर चालू होईल. गोधडीचा तुकडा काढला. नळ्या जुळवल्या. नऊ पीळ परत घातले. घाईत पक्कडीत बोट चिमटलं. स्पंज गुंडाळला. बटण दाबलं.

सूर.

सोडवावं परत, असंही मनात आलं. पण दारात कुणीतरी बादली टेकवली, आणि ते तसंच राहिलं.

चार वाजता अण्णांनी हात टेकले. वापरा म्हणाले. लग्नातल्या दोन काहिली, थोरल्या कढया, आणल्या, तीन-तीन दगड मांडले, दूध चढवलं. उकळी यायच्या आतच फाटलं. उरलेलं टाकीतच आंबट झालेलं. ओढ्याच्या बाजूचा नळ मी स्वतःच्या हातानं सोडला. माझंच काम होतं ते. चाळीस घरांचं दूध मोरीतनं गेलं, आणि गावातली सगळी कुत्री येऊन नुसती उभी राहिली. त्यांना पण कळेना कुठनं सुरुवात करावी.

रविवारी सातच्या गाडीनं मिस्त्री उतरला, झाळायचा गॅस घेऊन. निरोप त्याला मिळालाच नव्हता. हसत आला. मी दारात होते. "काय वैनी, साडेदहाच्या आत बंद पडतंय का न्हाई?"

मागनं भागीरथीमावशी म्हणाली, "पडलं की. कायमचंच."

त्यानं मशीन उघडलं. आतल्या झडपांच्या पोलादी पट्ट्या मोडून तुकडे झाले होते. ते त्यानं वर्तमानपत्रावर एकेक मांडले, देवघरातले देव मांडतात तसे. मग स्पंज बाजूला करून नळ्या बघितल्या, जशा बांधल्या होत्या तशाच. बराच वेळ बघितल्या. मी फडकं घेऊन फरशी पुसत होते. आधीच पुसलेली फरशी.

दहाला साहेब आले. सफारी, खिशाला दोन पेनं. जीपमधनं उतरून रिकामी टाकी बघितली, मोडक्या पट्ट्या बघितल्या, मग बोट नळ्यांकडं केलं.

"ही बांधाबांध कुणी केली?"

मिस्त्री पुढं झाला. "मी... साहेब. परत येणारा गॅस... म्हंजे त्यात जर... "

"मशीन बनवणारी कंपनी येडी आहे का?"

"न्हाई साहेब. पण... वल ऱ्हाती गॅसात... ती वाटेत..."

"काय राहते?"

पंचवीस माणसं जमली होती. मला दिसत होतं, त्याच्याजवळ सगळं होतं. एका ओळीत मांडलेलं होतं आत. बाहेर येईना.

"आमी पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं साहेब," अण्णा म्हणाले. "कोमट लागती म्हणून."

मी शेडाच्या दारात उभी होते, हातात ओलं फडकं. मला कुणी विचारलंच नाही. झाडलोट करणाऱ्या बाईला मशीनचं काय विचारायचं. मी तोंड उघडलं होतं, शपथ घेते. आणि भागीरथीमावशीनं वळून माझ्याकडं बघितलं. तिच्या तीन म्हशींचं दूध गेलं होतं. मी तोंड मिटलं.

"बारा डेऱ्यांत याचं पाऊल पडता कामा नये," साहेब म्हणाले. एवढंच. चहा घेतला नि गेले.

एकची गाडी होती. तो गेल्यावर मला खिडकीत पक्कड दिसली, आणि मी ती घेऊन फाट्यापर्यंत पळत गेले. लिंबाखालच्या बाकावर तो एकटा बसला होता. माणूस एकच होता तिथं, म्हणजे मीच, त्यामुळं त्याला बोलता येत होतं. पक्कड त्याच्या हातात दिली आणि मी सगळं सांगून टाकलं. कोमट नळी, नऊ पीळ, गोधडीचा तुकडा, बर्फावरचं नाव. एका दमात, रडत.

तो बघतच राहिला. मग हसायला लागला. असा हसला की लिंबावरची साळुंकी उडाली.

"म्हंजे माझं बरोबर हुतं," म्हणाला. "वैनी, माझं बरोबर हुतं. सकाळपासनं जीव टांगणीला हुता माझा. अहो, कॉक मी जास्त उघडलेला, त्यात बर्फ मशीनपर्यंत आला म्हंजे गॅस ओलाच आत चालला हुता. पट्ट्या मोडणारच. नळ्या बांधलेल्या असत्या तर तो वाटेत वाळला असता. हेच तर सांगत हुतो मी, दुसरं म्हंजे म्हणून."

"मी जाऊन सांगते अण्णांना. आत्ता जाते."

"अजिबात न्हाई. तुमचं काम जाईल. मला कळलं, बास झालं. बारा डेऱ्या गेल्या तर गेल्या, मी दुसरीकडं बांधीन."

पिशवीतनं शेंगा काढल्या, अर्ध्या मला दिल्या. गाडी आल्यावर खिडकीतनं हात हलवत गेला, वळणापर्यंत.

जिनपाल मिस्त्री परत कधी आमच्याकडं आला नाही. संघानं दुसरा मिस्त्री दिला. त्यानं नळ्या सोडवल्या, कॉक बारीक केला, आणि मशीन पुन्हा बाराच्या गाडीपर्यंत धापा टाकत चालायला लागलं. पंधरा वर्षं तसंच चाललं.

मग डेअरीला नवं मशीन आलं, कंपनीतनं थेट, खोक्यातनं. ते बसवायला एक पोरगी आली होती, इंजिनिअर, पॅन्ट घातलेली. मी तेव्हा काम सोडत आलेली. तिनं नळ्यांवरचा काळा स्पंज काढून मला दाखवला. आत एक बारकी नळी, एक जाड. एकमेकींना चिकटवून, कारखान्यातनंच झाळून आलेल्या.

"ह्या कशाला बांधल्यात, ताई?" मी विचारलं.

"परत येणारा गॅस गार असतो ना मावशी, तो जाणाऱ्याला थंड करतो. वीज कमी लागते."

"आणि दुसरं म्हणजे?"

ती माझ्याकडं बघायला लागली. "तुम्हाला कसं ठाऊक दुसरं आहे म्हणून? दुसरं म्हणजे, परत येणाऱ्या गॅसमध्ये कधी कधी ओल असते. ती कॉम्प्रेसरमध्ये गेली तर झडपा मोडतात. इथं ऊब मिळाली की ती वाळते."

"नवीन शोधलंय का हे?"

"छे, फार जुनं आहे. पुस्तकात असतं."

इचलकरंजीत जिनपाल मगदूम म्हणून कुणी आहे का, असं मी तिला विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. पुढं मुलाबरोबर गेले होते तेव्हा स्टँडजवळचे सगळे गाळे हिंडले. पाट्या वाचल्या. थंडावा केंद्र कुठं नव्हतं. एका चहावाल्यानं सांगितलं, मगदूम होता एक, फॅन दुरुस्त करायचा. मशिनाच्या कामाला चला म्हटलं तर नको म्हणायचा. आता कुठं असतो ठाऊक नाही.

आता तुम्ही म्हणाल, फाट्यावर त्याला कळलं होतं ना त्याचं बरोबर होतं म्हणून, मग मशिनाला का घाबरला.

शपथ घेऊन बसलेय, तर सांगते. एवढी एक जागा मी रचली. बाकी सगळं जसं झालं तसं आहे, पण लिंबाखालचं तेवढं माझं.

पक्कड घेऊन पळत गेले ते खरं. तो बाकावर एकटा होता, ते पण खरं. मी पक्कड दिली. त्यानं पिशवीत टाकली आणि पायाकडं बघत म्हणाला, "वैनी, एक विचारतो. मी गेल्यावर त्या नळ्यांना कुणी हात लावला हुता का? खरं सांगा. मी कुणाला काय बोलणार न्हाई, मला फक्त माझ्यापुरतं कळू द्या."

"नाही," मी म्हटलं.

"कुणीच न्हाई?"

"मी जाग्यावरनं हालले सुद्धा नाही."

त्यानं मान हलवली. "मग माझंच कुठं तरी चुकलं," म्हणाला, आणि ते रागानं म्हणाला नाही. तुम्ही होता म्हणून एवढं तरी कळलं, असंही म्हणाला.

गाडी आली. तो चढला. त्याचा जेवणाचा डबा बाकावरच राहिला, न उघडलेला. मला दिसत होता. हाक मारायला तोंड उघडलं तर त्याबरोबर बाकीचं पण बाहेर येईल म्हणून मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले, गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत.